रामदेवराव आणि मिठाची पोती

मी आठवीत असताना आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत रशियाच्या झारवर एक जाडजूड पुस्तक होतं. रोमानोव्ह घराणं १६१३ साली गादीवर आलं आणि १९१७ च्या क्रांतीत गेलं. पुढच्याच वर्षी जुलै महिन्यात झार निकोलस, त्याची राणी, चार मुली आणि आजारी राजपुत्र अलेक्सेई यांना एका तळघरात गोळ्या घालण्यात आल्या. ते वाचून मी दोन दिवस रडत होते. सुट्टीत लोणारला घरी गेल्यावर आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ती सगळी कहाणी अगदी रंगवून सांगितली. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की बाई, रशियाच्या राजाची पोरं तुला नावानिशी पाठ आहेत, पण आपल्या देवगिरीच्या राजाच्या लेकरांचं काय झालं ते माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं! खरं सांगायचं तर देवगिरीचा राजा कोण हेही धड माहीत नव्हतं. आमच्या इंग्रजी पुस्तकात अल्लाउद्दीन खिलजीवर अख्खा धडा होता आणि देवगिरीवर त्यात एक ओळ. ती ओळ एवढीच, की देवगिरीच्या राजाने शरणागती पत्करली. झालं, विषय संपला.

पण मित्र-मैत्रिणींनो, शरणागती पत्करली या दोन शब्दांमागे एक पूर्ण आयुष्य असतं, हे मला पुढे फार वेगळ्या कारणाने कळलं. ते कारण शेवटी सांगते. आधी रामदेवरावाची गोष्ट.

लोणारला आलात तर सगळे तुम्हाला सरोवर दाखवतील. उल्का पडून काळ्या बसाल्ट खडकात झालेला, पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा आणि त्यात खारं पाणी. लवणासुर नावाच्या दैत्याला विष्णूने इथे मारलं म्हणून गावाचं नाव लोणार, असं लहानपणापासून ऐकत आले. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्याच विष्णूचं. अशा जुन्या दगडी देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. पण हा हेमाडपंत कोण? तो यादवांचा मंत्री हेमाद्री. आधी महादेव यादवाच्या आणि मग रामदेवरावाच्या पदरी असलेला, चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड ग्रंथ लिहिणारा विद्वान. महानुभावांच्या लीळाचरित्रात तर चक्रधरस्वामी लोणारला असताना यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीला आल्याची आठवण आहे. हा कान्हरदेव म्हणजे रामदेवरावाचे वडील. म्हणजे ज्या गल्लीतून मी सायकल चालवत ट्यूशनला जायचे, त्या गावात यादवांचा राबता होता. आणि मी रडत होते रशियासाठी!

यादवांचं राज्य मोठं होतं. पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास चालुक्यांपासून स्वतंत्र होऊन देवगिरीला राजधानी केली. त्याचा नातू सिंघण याच्या काळात राज्य सर्वात जास्त पसरलं. सिंघणानंतर त्याचा नातू कृष्ण, म्हणजेच आपला कान्हरदेव, गादीवर बसला. तो वारला तेव्हा रामदेव लहान होता, म्हणून गादी कृष्णाचा भाऊ महादेव याच्याकडे गेली. इथपर्यंत सगळं ठीक. पण १२७१ च्या आसपास महादेव वारल्यावर गादीवर बसला त्याचा मुलगा आम्मण. आता रामदेव मोठा झाला होता आणि गादी आपली आहे असं त्याला वाटत होतं.

मग त्याने काय केलं? सैन्य घेऊन किल्ल्यावर चालून गेला नाही. नटांच्या एका टोळीबरोबर तो आपल्या माणसांना घेऊन वेष बदलून किल्ल्यात शिरला आणि खेळ चालू असतानाच आम्मणला पकडलं. सिनेमात शोभेल असा प्रसंग आहे. पण त्याचा शेवट सिनेमासारखा गोड नाही. महानुभावांच्या ग्रंथांप्रमाणे रामदेवाने आम्मणचे, आपल्या सख्ख्या चुलतभावाचे, डोळे काढले. हा प्रसंग कृपया लक्षात ठेवा. ४५ वर्षांनी तो पुन्हा येणार आहे.

गादीवर आल्यानंतर रामदेवरावाने बरंच काही केलं. माळव्याशी लढाया झाल्या. १२७६ मध्ये त्याच्या सेनापतीने दक्षिणेत होयसळांच्या राजधानीवर, द्वारसमुद्रावर, स्वारी केली. पण आपण मराठी माणसांनी त्याला आठवावं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. त्याच्या राज्यात मराठी भाषा बहराला आली. महानुभावांनी मराठीत गद्य लिहिलं ते याच काळात. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि ज्ञानेश्वरांनी तिच्या शेवटी त्या वेळचा राजा म्हणून रामचंद्राचा आदराने उल्लेख केला. हा रामचंद्र म्हणजेच रामदेवराव. ज्याचं नाव ज्ञानेश्वरीत आहे त्याच्यासाठी आमच्या पुस्तकात एक ओळ!

यानंतर बरोबर सहा वर्षांनी सगळं फिरलं.

प्रयागजवळच्या कडा प्रांताचा सुभेदार होता अल्लाउद्दीन, दिल्लीच्या सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई. त्याला दिल्लीची गादी हवी होती आणि त्यासाठी पैसा हवा होता. देवगिरीच्या श्रीमंतीबद्दल त्याने ऐकलं होतं. १२९६ मध्ये सुलतानाला न सांगता, जेमतेम काही हजार घोडेस्वार घेऊन तो निघाला आणि विंध्य, सातपुडा ओलांडून आपल्या वऱ्हाडात अचलपूरला उतरला. तिथे त्याने आवई उठवली, की आपण चुलत्याशी भांडून निघालो आहोत आणि दक्षिणेत राजमहेंद्रीच्या राजाकडे नोकरीला चाललो आहोत. कोणीही त्याला गंभीरपणे अडवलं नाही. देवगिरीच्या अलीकडे एका घाटात कान्हा नावाच्या सरदाराने आणि दोन शूर स्त्रियांनी त्याच्याशी झुंज दिली, असं इसामी हा कवी-इतिहासकार लिहितो. त्या स्त्रियांची नावंसुद्धा आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

त्या वेळी रामदेवरावाचा मुलगा शंकरदेव मुख्य सैन्य घेऊन बाहेर गेलेला होता. राजाजवळ फौज थोडीच. तो किल्ल्यात गेला आणि दरवाजे बंद केले. आता देवगिरीचा किल्ला म्हणजे काय चीज आहे, हे आपल्या सिव्हिलच्या लोकांना वेगळं सांगायला नको. सुमारे २०० मीटर उंच एकटा डोंगर आणि त्याच्या सगळ्या बाजू तासून भिंतीसारख्या सरळ केलेल्या. लढून घेणं जवळपास अशक्य. पण किल्ल्यात धान्य पाहिजे ना! फरिश्ता सांगतो की गडबडीत रामदेवरावाच्या माणसांनी कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती गडावर चढवली. धान्य समजून. हजारो पोती. उघडून कोणीच पाहिली नाहीत.

तेवढ्यात अल्लाउद्दीनने दुसरी आवई उठवली, की दिल्लीहून सुलतानाचं वीस हजारांचं सैन्य मागून येत आहे. रामदेवरावाने ते खरं मानून तह केला, खंडणीही ठरली. एवढ्यात शंकरदेव परतला. वडिलांनी निरोप पाठवला की तह झालाय, लढू नकोस. पण तरुण रक्त ते! त्याने ऐकलं नाही. लढाई झाली आणि शंकरदेव जिंकायच्या बेतात होता. तेव्हाच किल्ल्याच्या वेढ्यावर ठेवलेली अल्लाउद्दीनची तुकडी मदतीला धावली. धुळीचा लोट पाहून यादवांच्या सैन्याला वाटलं की हीच ती दिल्लीची फौज. सैन्य फुटलं. आणि गडावर पोती उघडली तर आत धान्य नव्हतं, मीठ होतं!

फरिश्ता हे सगळं घडल्यानंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे पोत्यांची गोष्ट शंभर टक्के तशीच झाली का, यावर वाद घालता येतो. पण आमच्या होस्टेलवर ही गोष्ट मी सांगितली तेव्हा प्रॉडक्शनची एक मैत्रीण लगेच म्हणाली की हा तर सरळ सरळ इनकमिंग इन्स्पेक्शनचा घोटाळा आहे. डिझाईन उत्तम, मटेरियल चेक केलं नाही. आम्ही सगळ्या हसलो. नंतर मला वाटलं की ती चुकीचं बोलली नाही. मजबूत भिंत बांधणारे आपण, पण आतल्या पोत्यात काय आहे ते पाहायचं राहून जातं. आणि सीमेवरून परकी फौज राजधानीपर्यंत येते तरी राजाला पत्ता नसतो, यात किल्ल्याचा तरी काय दोष?

आता दुसरा तह झाला, पहिल्यापेक्षा कितीतरी कडक. फरिश्त्याच्या यादीत ६०० मण सोनं, १००० मण चांदी, ७ मण मोती असं काय काय आहे. आकडे फुगवलेले असतील, पण लूट अफाट होती हे नक्की. शिवाय अचलपूर प्रांताचा वसूल, म्हणजे आपल्या वऱ्हाडच्या शेतकऱ्यांचा पैसा, दरवर्षी पाठवायचा. ही संपत्ती घेऊन अल्लाउद्दीन परतला, त्याच वर्षी त्याने चुलत्याचा खून केला आणि सोनं वाटत वाटत दिल्लीच्या गादीवर जाऊन बसला. देवगिरीच्या खजिन्यावर दिल्लीचं तख्त विकत घेतलं गेलं, असं म्हटलं तरी चालेल.

पुढची काही वर्षं खंडणी जात राहिली, मग थांबली. थांबवण्यामागे शंकरदेव होता असं मानतात. १३०७ च्या सुमारास मलिक काफूर मोठी फौज घेऊन आला. शंकरदेव निसटला आणि म्हातारा रामदेवराव कैद होऊन दिल्लीला गेला.

इथे सगळ्यांना वाटेल की आता त्याचं डोकं उडवलं असेल. तसं झालं नाही. अल्लाउद्दीनने त्याला मानाने वागवलं, काही महिने ठेवून घेतलं, राय-रायान ही पदवी दिली, छत्र दिलं, एक लाख टंका दिले, वर नवसारीचा मुलूखही दिला आणि त्याचं राज्य त्याला परत करून घरी पाठवलं. त्यानंतर रामदेवराव मरेपर्यंत दिल्लीशी प्रामाणिक राहिला. म्हणतात ना, खाल्ल्या मिठाला जागणं. तसा तो जागला. पण कशा प्रकारे? काफूर काकतीयांच्या वारंगळवर गेला तेव्हा रामदेवरावाने त्याच्या फौजेला रसद पुरवली. होयसळांच्या द्वारसमुद्रावर गेला तेव्हा वाटाडे आणि माणसं दिली. शेजारची दोन राज्यं लुटली गेली आणि त्या लुटीची वाट देवगिरीवरून गेली. होयसळांशी जुनं वैर होतं हे खरं. पण म्हणून काय झालं!

१३१० सालचा त्याचा एक ताम्रपट बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीला मिळाला. त्यात तो अजूनही यादव सम्राटाच्या थाटात दान देतो आणि पराक्रम मिरवतो. इकडे दानपत्र, तिकडे दिल्लीच्या फौजेला रसद. त्या ताम्रपटावर अक्षरं कोरली जात असताना म्हाताऱ्याच्या मनात काय चाललं असेल? साधारण १३११ मध्ये तो वारला. जवळजवळ चाळीस वर्षं राज्य करून.

आता आबांच्या प्रश्नाचं उत्तर. लेकरांचं काय झालं?

शंकरदेव गादीवर बसला आणि त्याने दिल्लीला जुमानलं नाही. १३१३ मध्ये काफूर परत आला आणि लढाईत शंकरदेव मारला गेला.

मुलीची गोष्ट तर कोणी सांगतच नाही. इसामीने तिचं नाव झत्यापाली असं दिलं आहे. रामदेवरावाची ही मुलगी तहानंतर अल्लाउद्दीनच्या जनानखान्यात गेली. तिला झालेला मुलगा शिहाबुद्दीन उमर. जानेवारी १३१६ मध्ये अल्लाउद्दीन वारला आणि मलिक काफूरने मोठ्या शहजाद्यांना बाजूला सारून या पाच-सहा वर्षांच्या मुलाला तख्तावर बसवलं. म्हणजे देवगिरीच्या यादवाचा नातू, रामदेवरावाच्या लेकीचा मुलगा, काही आठवडे का होईना, दिल्लीचा सुलतान होता! पण महिनाभरातच काफूर मारला गेला. सावत्र भाऊ मुबारक आधी त्याचा कारभारी झाला, मग त्याने त्या लेकराला तख्तावरून उतरवलं, त्याचे डोळे काढले आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवून दिलं.

आम्मण आठवला? ज्या मार्गाने आजोबा गादीवर आला, त्याच मार्गाने नातू गादीवरून गेला. मी कर्मविपाक वगैरे फार मानत नाही. पण हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेवटचा राहिला जावई, हरपालदेव. दिल्लीतल्या गोंधळाचा फायदा घेऊन त्याने देवगिरी परत स्वतंत्र केली. १३१८ च्या सुमारास मुबारक स्वतः चालून आला, हरपालदेवाला पकडलं आणि जिवंतपणी त्याचं कातडं सोलून काढलं. यादवांचं राज्य तिथे संपलं. दोनच वर्षांत, १३२० मध्ये, मुबारकचाही खून झाला आणि खिलजी घराणं बुडालं. पुढे मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीला राजधानी नेली आणि नाव पडलं दौलताबाद.

आणि वारस? आमच्या लोणारपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर सिंदखेड राजा आहे. तिथले जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत आले. त्या घराण्यातले लखुजी जाधवराव १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारात मुजऱ्याला गेले आणि दगा होऊन मुलांसह मारले गेले. कुठे, माहीत आहे? त्याच देवगिरीच्या, तेव्हाच्या दौलताबादच्या, किल्ल्यात! लखुजींची मुलगी जिजाबाई. दुसऱ्याच वर्षी, १६३० मध्ये, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. बाकी तुम्हाला माहीतच आहे.

आता माझं कारण सांगते.

मी बारावीत असताना पप्पांनी एका नातेवाइकासाठी घेतलेली जामीनकी अंगावर आली. सावकार घरी यायला लागला. पप्पांनी कोर्टकचेरी केली नाही. रस्त्याला लागून असलेलं चार एकर वावर त्याच्या नावावर करून दिलं, सही केली आणि प्रकरण मिटवलं. मला फार राग आला. सगळ्यांसमोर मी पप्पांना भित्रे म्हणाले आणि दोन महिने त्यांच्याशी नीट बोलले नाही. तेव्हा आबांनी मला परत एकदा रामदेवरावाची आठवण करून दिली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की राजानेही सही केली होती, म्हणून घर टिकलं. मला ते पटलं नाही. आबा मुलाची बाजू घेताहेत असं वाटलं.

इंजिनीअरिंगला आल्यावर मी रामदेवरावाबद्दल मिळेल ते वाचायला लागले. खरं म्हणजे आबा कसे चूक आहेत हे सिद्ध करण्यासाठी! गेल्या दिवाळीनंतर होस्टेलला परत येताना छत्रपती संभाजीनगरला उतरून, बॅग स्टँडवर ठेवून रूममेटसोबत किल्ला पाहिला. खंदकावरच्या पुलावर उभं राहून वर पाहिलं आणि वाटलं, इथे आत अडकलेल्या माणसाकडे नेमके कोणते पर्याय होते? बाहेर शत्रू, गडावर उपाशी माणसं, पोत्यात मीठ. शंकरदेव लढला, त्याला आपण शूर म्हणू, आणि तो होताच. पण त्या दिवशी किल्ल्यात शंकरदेव नव्हता, रामदेवराव होता. गडावर कोणाच्या घरी काय शिजलं हे त्याला दिसत होतं.

मात्र आबांचं म्हणणंही मला आता पूर्ण मान्य नाही. रामदेवरावाने पहिली सही केली ती माणसं वाचवायला, हे मी समजू शकते. पण वारंगळच्या वाटेवर त्याने रसद दिली तेव्हा तो कोणाला वाचवत होता? स्वतःचं घर वाचवण्यासाठी शेजाऱ्याच्या घराचा रस्ता दाखवायचा, तिथे मिठाला जागणं संपतं आणि दुसरंच काहीतरी सुरू होतं. आणि लेकीला कोणी विचारलं होतं का? तहाच्या कागदात सोन्या-मोत्यांच्या यादीबरोबर तीही गेली.

पप्पांनी चार एकर दिलं, पण दुसऱ्या कोणाचं काही दिलं नाही. पुढे कोणाला त्या सावकाराच्या दारात नेऊनही उभं केलं नाही. उलट ज्या नातेवाइकामुळे हे झालं, त्याच्याबद्दल घरात वाईट शब्द काढू दिला नाही. हा फरक मला त्या पुलावर उभं राहून कळला. मोबाईलला रेंज नीट नव्हती तरी तिथूनच पप्पांना फोन लावला. काय बोलावं ते सुचेना. दौलताबादला आलेय एवढंच सांगितलं. ते म्हणाले पाणी जवळ ठेव, चढ खूप आहे. मग मी बारावीतल्या त्या दिवसाबद्दल माफी मागितली. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग त्यांनी विचारलं की पैसे आहेत ना जवळ.

आबा आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सात वर्षं लागली, म्हणून ते इथे लिहून ठेवते आहे. आपल्या राजाची लेकरं अशी गेली, आबा. एक लढाईत, एक जनानखान्यात, एक आंधळा होऊन ग्वाल्हेरला, एक किल्ल्याच्या दाराशी. आणि राजा स्वतः अंथरुणात मेला. तो भित्रा होता की शहाणा, हे मला अजून एका ओळीत सांगता येत नाही. पण एका ओळीत सांगणाऱ्या पुस्तकावर मी आता विश्वास ठेवत नाही.

लोणारला नक्की या. सरोवर बघाच, पण दैत्यसूदनाच्या देवळातही थोडा वेळ बसा. आणि जमलं तर सरोवराचं पाणी बोटाने चाखून बघा. खारट आहे.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)